जाबाचं खळं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नाव सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. डोंगरांच्या मधे वसलेलं ते लहानसं राज्य होतं. तिथे भात पिकायचं, बांबू व्हायचा, आणि मीठ मात्र घाट ओलांडून बाहेरून आणावं लागायचं.

त्या राज्यात एक रीत होती, ती आधी सांगतो. नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

मळणीचं खळं तुम्ही पाहिलं असेल. सारवलेली गोल जागा, आणि मधोमध रोवलेला एक खांब. त्या खांबाला मेढ म्हणतात. बैल तिच्याभोवती फिरतात, कणसं तुडवतात, पण मेढ सोडून जाऊ शकत नाहीत. ज्या राजाने हे राज्य वसवलं, तो स्वतः शेतकऱ्याच्या घरातला होता. तो म्हणाला, "बैलाला जो नियम, तोच मला. वर्षातून एकदा मी खळ्यावर येईन आणि मेढीला हात लावून उभा राहीन. ज्याला काही विचारायचं असेल त्याने उभं राहावं. समाधान झालं की बसावं. शेवटचा माणूस बसेपर्यंत मी मेढीवरचा हात काढणार नाही, आणि खळं सोडून कोणी जाणार नाही."

मळणी आटोपली की राजधानीतल्या मोठ्या खळ्यावर सगळी गावं जमायची. त्याला जाबाचा दिवस म्हणत.

त्या पहिल्या राजाचे जबाब आखूड असत.

"महाराज, मीठ महाग का झालं?"

"घाटातली वाट खचली आहे. उद्यापासून माणसं लावतो."

माणूस बसायचा. पुढच्या वर्षी वाट तशीच असली, तर तोच माणूस पुन्हा उभा राहायचा आणि म्हणायचा, "महाराज, उद्या कधी उजाडणार?" मग सगळं खळं हसायचं, राजाही हसायचा, आणि घरी जाऊन माणसं लावायचा.

असे काही राजे झाले. मग ज्याची ही गोष्ट आहे, तो राजा गादीवर आला.

हा राजा वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गोष्टीतला राजा एकतर देवमाणूस असतो नाहीतर राक्षस. हा कष्टाळू होता. त्याच्या वडिलांच्या काळात राज्याचे फार हाल झाले होते. याने गादीवर आल्यावर प्रत्येक खोऱ्यात एक दवाखाना बांधला. मोठ्या गावांमधून शाळा काढल्या, पंतोजी नेमले. मिठाची कोठारं बांधली. पहाटे उठायचा, उशिरा जेवायचा. तरी सगळं काही होत नव्हतं. मीठ येई, पण महाग येई. शाळा होती, पण दोन गावांना मिळून एकच पंतोजी. तरी जे झालं होतं ते खरोखर झालं होतं.

म्हणूनच त्याला जाबाचा दिवस बोचायचा.

एका वर्षी एक तेली उभा राहिला. म्हणाला, "महाराज, मिठाचं कोठार झालं, चांगलं झालं. पण त्यातलं मीठ आमच्या ताटात का नाही?" राजाने उत्तर दिलं. तेली बसला नाही. राजाने पुन्हा सांगितलं. तेली मान हलवून म्हणाला, "पटत नाही, महाराज."

राजाच्या मनाला ते फार लागलं. इतकं करूनही? त्याचा हात मेढीवर होता, ऊन चढत होतं, आणि त्याला एकाएकी खूप थकल्यासारखं झालं.

प्रधान जवळच उभा होता. त्याला राजाची दया आली. "महाराज, आपण थांबा. मी सांगतो याला."

आणि प्रधानाने अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. थोरल्या महाराजांच्या काळात मीठ कसं दिसतही नव्हतं. घाटाची वाट कशी होती. शेजारच्या राज्यात आज काय हाल आहेत. कोठाराचा पाया किती खोल आहे. त्याचं बोलणं गोड होतं, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. सूर्य डोक्यावर आला. तेल्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मग पुन्हा पहिल्यावर. शेवटी तो खाली बसला.

प्रधानाने राजाकडे पाहिलं. "बसला, महाराज."

"समाधान झालं म्हणायचं," राजा म्हणाला, आणि त्याने हात काढला.

त्या वर्षापासून जबाब प्रधानाने द्यायचा असं ठरलं.

पुढे पुढे जबाब लांबत गेला. कोणी औषधपाण्याचं विचारलं आणि प्रधानाला नीट सांगता आलं नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी सगळ्या दवाखान्यांमधले वैद्य साक्षीला बोलावले. कोणी शाळेचं विचारलं, म्हणून पंतोजी आले. जबाब चांगल्या भाषेत लिहिला जावा, घोकून तयार व्हावा, म्हणून वैद्य आणि पंतोजी महिनाभर आधीच राजधानीत येऊन राहू लागले. ते दिवस नेमके गावोगाव मळणीचे असत.

लोक आपसात थट्टा करायचे. एक गवळी म्हणायचा, "प्रधानजी बोलायला लागले तेव्हा माझी म्हैस गाभण होती. संपले तेव्हा पारडू गवत खायला लागलं होतं."

पण थट्टा करणारेही उभे राहीनासे झाले. दर वर्षी उभी राहणारी माणसं कमी होत गेली. प्रधान ते राजाला आनंदाने सांगायचा. राजाला वाटायचं, चला, कष्टाचं चीज होतंय.

त्या राज्यात करंजखोरं नावाचं एक गाव होतं. तिथे राही नावाची बुरडीण राहायची. नवरा नव्हता. बांबूची सुपं, टोपल्या विणायची आणि मळणीच्या दिवसांत खळ्या-खळ्यांवर जाऊन विकायची. तिला मैनी नावाची एकच मुलगी. मैनी शाळेत जायची. पण मळणी सुरू झाली की पंतोजी राजधानीला जात आणि शाळा बंद पडे. म्हणून मैनीही आईच्या मागोमाग खळ्यावर.

एका दुपारी भात उपणत होते. वारा सुटला होता. एक कुसळ उडालं आणि मैनीच्या डोळ्यात गेलं.

पोरगी डोळा चोळत राहिली. रात्रीपर्यंत डोळा लाल झाला. शेजारीण म्हणाली, "अगं राही, मिठाच्या पाण्याने धू, निघेल." राहीने मिठाचं मडकं पालथं केलं. त्यात काही नव्हतं. शेजारणीच्या मडक्यातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोणी पाल्याचा रस घालायला सांगितला, तो घातला. डोळा सुजून मिटला. आठ-दहा दिवसांत पू येऊ लागला.

राही मुलीला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेली. दवाखाना सुंदर होता. भिंतींना नुकताच चुना दिलेला. दाराला कुलूप होतं. ओसरीवर एक म्हातारा राखणदार बसला होता.

"वैद्यबुवा कुठं गेले, काका?"

"जाबाला."

"कधी यायचे?"

म्हातारा म्हणाला, "सगळे बसले की."

राहीने मैनीला जावेच्या हवाली केलं. "हात लावू देऊ नका डोळ्याला," एवढं सांगून ती निघाली आणि दिवसभर चालून राजधानीला पोचली. दुसऱ्या दिवशीच जाब होता.

खळं भरलं होतं. राजा मेढीला हात लावून उभा होता. शेजारी प्रधान, आणि मागे नव्या पगड्या घालून वैद्य आणि पंतोजी रांगेने उभे. राहीने आपल्या खोऱ्याचे वैद्यबुवा ओळखले. ते खाली मान घालून उभे होते. साक्षीदाराने जाब संपेपर्यंत जागा सोडायची नाही, असा हुकूम होता.

त्या वर्षी दोघं-तिघंच उभे राहिले. ते लवकर बसले. मग राही उठली. आयुष्यात ती पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर उभी राहत होती. तिचा आवाज बारीक निघाला.

"महाराज, मी करंजखोऱ्याची. आमच्या दवाखान्याला कुलूप का आहे?"

ती वैद्य मागायला आली होती. पण प्रधानाला ते मागणं ऐकूच आलं नाही. इतकी वर्षं जबाब देऊन देऊन त्याच्या कानाला प्रत्येक प्रश्न आरोपासारखाच लागायचा.

"बाई," तो हसून म्हणाला, "करंजखोऱ्यात आधी दवाखाना होता का?"

"नव्हता."

"मग कुलूप लावायला दार कोणी दिलं?"

खळ्यावर थोडं हसू उठलं.

"महाराजांनी दिलं," राही म्हणाली. "पण आत वैद्य नाहीत."

"वैद्य नाहीत?" प्रधान मागे वळला. "वैद्यबुवा, जरा पुढे या. हे पाहा! करंजखोऱ्याचे वैद्य. धडधाकट उभे आहेत. आणि बाई म्हणते, वैद्य नाहीत!"

आता सगळेच हसले. राजाच्याही ओठांवर हसू आलं.

राही म्हणाली, "इथं आहेत, म्हणून तर तिथं नाहीत."

हसू थांबलं. राजाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तो काही बोलणार होता. पण प्रधानाने घसा साफ केला आणि थोरल्या महाराजांच्या काळापासून सुरुवात केली. तेव्हा माणसं तापाने कशी मरायची. पहिल्या दवाखान्याचा दगड कोणत्या खाणीतून आला. औषधी मुळ्या कुठून कुठून आणतात. गेल्या साली किती लोकांचे डोळे बरे झाले, हेसुद्धा त्यात आलं.

राही उभी होती. तिला मधे बोलायचं होतं, पण मधे बोलायची जागा सापडेना. आणि एक माणूस उभा असेपर्यंत खळं सोडून कोणालाच जाता येत नव्हतं. लोकांची चुळबुळ सुरू झाली.

"बस की गं बाई," मागून एक म्हातारी कुजबुजली. "माझ्या शेळ्या सकाळपासून बांधलेल्या आहेत."

"आमाला दोन डोंगर ओलांडायचेत," एक गडी म्हणाला. "तुझ्या एकटीपायी सगळं गाव अडकलं."

"एवढं मोठं काय झालंय हिला?"

"काही नाही, महाराजांनी बघावं म्हणून उभी आहे."

राहीने ऐकलं. तिला राग आला नाही. गेल्या वर्षी तीसुद्धा बसलेल्यांमधे होती आणि कोणा उभ्या माणसावर असंच चिडली होती.

तिने वैद्यबुवांकडे पाहिलं. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि तिने बोट हळूच आपल्या डोळ्याला लावलं. वैद्यांना कळलं. त्यांचा पाय पुढे आला आणि हुकूम आठवून तिथेच थांबला.

तेव्हा राहीला सगळं उमगलं. ती उभी राहील तोवर वैद्यबुवा सुटणार नाहीत. ती बसली तरच सुटतील. पण ती बसली, की समाधान झालं असं होईल, आणि पुढच्या मळणीला पुन्हा दवाखान्याला कुलूप लागेल. पुन्हा कोणाच्या तरी पोरीच्या डोळ्यात कुसळ जाईल.

पुढच्या वर्षीचं तिने बाजूला ठेवलं. तिची पोर आज घरी कण्हत होती.

राही बसली.

"बसली, महाराज!" प्रधान म्हणाला. राजाने मेढीवरचा हात काढला. ढोल वाजले.

वैद्यबुवा नवी पगडी तिथेच टाकून राहीबरोबर धावत निघाले. उजाडायच्या आत ते करंजखोऱ्यात पोचले. वैद्यांनी हात धुतले, मैनीची पापणी उघडली, कुसळ काढलं. ते काढायला चूल फुंकायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग त्यांनी दिवा जवळ घेऊन डोळा नीट पाहिला.

"दुसऱ्या डोळ्याला धक्का लागणार नाही," ते म्हणाले. "या डोळ्यात फूल पडलं आहे. यानं आता दिसायचं नाही, बाई."

"आधी आला असता तर?"

वैद्यबुवांनी खोटं सांगितलं नाही. "आठवडाभर आधी आलो असतो तर वाचला असता."

"कुठं होता तुम्ही आठवडाभर?"

"राजधानीत," वैद्य म्हणाले. "आपण किती डोळे बरे केले, ते लिहून देत होतो."

वर्ष गेलं. पुन्हा मळणी झाली, पुन्हा खळं भरलं. राजाने मेढीला हात लावला आणि वाट पाहिली.

कोणी उभं राहिलं नाही.

प्रधानाचा चेहरा उजळला. "महाराज, एकही प्रश्न नाही! असं आजवर कोणत्याही राजाच्या काळात झालं नव्हतं."

राजालाही आनंद व्हायला हवा होता. पण गेल्या वर्षीचं त्या बाईचं एक वाक्य त्याच्या मनात कुठेतरी रुतून राहिलं होतं. त्याने विचारलं, "करंजखोऱ्याची बुरडीण आली आहे का?"

राजाने बोलावलं म्हणून राही उठली.

"बाई, गेल्या वर्षी तू विचारलं होतंस. तुझं समाधान झालं ना?"

"मी बसले होते, महाराज."

"म्हणजे झालं."

"मी बसल्याशिवाय वैद्यबुवा सुटत नव्हते," राही म्हणाली. "पोरीच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. एक डोळा गेला. एक आहे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारात सुपाची किंमत सांगावी तशी ती बोलली.

प्रधानाला वाटलं, महाराज अडचणीत आले. तो लगबगीने पुढे सरला. "महाराज, नेत्ररोगांसाठी आपण या वर्षात जे जे केलं आहे, ते मी थोडक्यात सांगतो. थोरल्या महाराजांच्या काळात..."

एवढं ऐकताच राही खाली बसली.

राजाने ते पाहिलं. तिचं समाधान होण्यासारखं अजून काहीच कोणी बोललं नव्हतं. तरी ती बसली होती. मग त्याने सगळ्या खळ्यावर नजर फिरवली. ही एवढी माणसं बसली होती. त्यांत तो तेलीही होता, आता केस पिकलेला. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि समाधानही नव्हतं. दमलेली जनावरं झाडाखाली बसतात, तसे ते बसले होते.

"थांबा, प्रधानजी," राजा म्हणाला. "आता कोणी काही सांगू नका."

त्याने त्याच दिवशी वैद्यांना आणि पंतोजींना आपापल्या गावी पाठवून दिलं. पुढच्या वर्षी जाबाच्या दिवशी तो एकटाच आला. मेढीला हात लावून म्हणाला, "विचारा. मी नुसता ऐकेन."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी उठलं नाही. त्यानंतरच्या वर्षी खळ्यावर निम्मीच माणसं आली. बसली, आणि ऊन उतरल्यावर घरी गेली. राजा अंधार पडेपर्यंत उभा होता.

मग एका वर्षी नदीकाठच्या गावांमधे साथ आली. माणसं आजारी पडली. काहींनी घरगुती पाला वाटून घेतला, काहींनी गंडेदोरे बांधले, आणि पुष्कळ लोक मुलाबाळांना घेऊन घाटापलीकडे निघून गेले. राजधानी तिथून लांब नव्हती. पण एकही माणूस तिकडे सांगायला गेला नाही. राजधानीच्या कोठारात औषध होतं, तिथल्या दवाखान्यात वैद्य होते. राजाला कळलं ते फिरत्या व्यापाऱ्यांकडून, आणि तेव्हा ती गावं जवळजवळ रिकामी झाली होती.

राजा स्वतः वैद्यांना घेऊन धावला. एका गावच्या वेशीवर त्याला म्हातारा पाटील भेटला. पाटलाच्या घरातली दोन माणसं गेली होती. राजाने त्याचे दोन्ही हात धरले.

"पाटील, अहो सांगितलं का नाहीत? मी सगळं टाकून आलो असतो."

पाटलाने त्याच्याकडे पाहिलं. त्याला राजाशी भांडायचं नव्हतं.

"काय सांगायचं, महाराज?" तो म्हणाला. "तुम्ही जबाब दिला असता."

थकून गप्प बसलेल्याला जो समाधानी समजतो, त्याला संकटाची खबर सगळ्यांत शेवटी मिळते.